बंदोबस्ताची सुट्टी

आमच्या थोरलीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. नाव तिच्या बाबांनी ठेवलं. चालायला लागली तेव्हापासून ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नाही. जेवताना तिचा पाय हलतो. फोनवर बोलताना फेऱ्या चालू असतात. दात घासतानासुद्धा ती घरभर हिंडते आणि मागून फरशीवरचे फेसाचे ठिपके मी पुसत जाते. अशा मुलीला काम मिळालं ते दुसऱ्यांच्या प्रवासाचं, आणि तेही खुर्चीत बसून करायचं.

ती एका प्रवास कंपनीत आहे. सुरुवातीची काही वर्षं तिकिटांच्या खिडकीवर गेली. मध्ये काच, काचेला खाली भोक आणि त्या भोकातून बोलायचं. तिला तशी सवयच लागली होती. संध्याकाळी घरी आली तरी मान वाकडी करून, जरा वाकूनच बोलायची. "अगं, ताठ उभी राहा, इथे काच नाही," असं मी सांगायचे. मग व्हिसाच्या कागदांवर बसवलं, आणि या वर्षी साहेबांनी तिला यॉटचं टेबल दिलं.

यॉटचं टेबल म्हणजे श्रीमंत कुटुंबांच्या उन्हाळी सुट्टीची आखणी. आधी एकदोन मोठ्या शहरांत मुक्काम. उत्तम हॉटेल, दाराशी गाडी, गर्दीच्या आधी उघडलेलं संग्रहालय. आणि नंतर आठवडाभर भाड्याने घेतलेली यॉट, कप्तान, खलाशी, स्वयंपाकी सगळ्यांसकट. टेबल दिलं, पण कायमचं नाही. "हा एक उन्हाळा बघू," साहेब म्हणाले. जमलं तर टेबल तिचं, नाही तर पुन्हा खिडकी. खिडकीचं नाव निघालं की ती नखं कुरतडायला लागते.

खरी गंमत अशी, की यॉटवर आमच्यापैकी कुणीच कधी पाऊल ठेवलेलं नाही. भिंगरीनेही नाही. तिला यॉट माहीत ती नकाशातून. कुठली खोली कुठे, जिना किती अरुंद, पलंगाखाली बॅग जाते की नाही, हे तिला झोपेतही सांगता येतं. पण बोट हलते कशी, हे विचारलं तर ती इंटरनेटवर बघून सांगणार.

म्हणून तिने एक पद्धत काढली. संध्याकाळी चहाचे कप उचलले की टेबलावर सगळा आराखडा पसरायचा. मीठदाणी म्हणजे पहिल्या शहरातलं हॉटेल, चष्म्याचं घर म्हणजे दुसऱ्या शहरातलं आणि काड्यापेटी म्हणजे यॉट. मग आम्हाला पाहुणे करायचं.

"आई, आज तू सत्तरीची बाई. गुडघा दुखतो, पण कबूल करत नाहीस."

"हे सोंग कशाला? गुडघा दुखतोच माझा."

"बाबा, तुम्ही आठ वर्षांचा नातू."

"मला आइस्क्रीम पाहिजे!" तिचे बाबा लगेच टेबलावर मूठ आपटायचे. हा माणूस दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतो, तिच्या अंधाऱ्या पोकळीत लोंबकळतो, आणि घरी येऊन आइस्क्रीमसाठी हट्ट करतो.

"बाबा, मन लावून करा ना."

"मन लावूनच मागतोय. आणि मला यॉटच्या पुढच्या टोकावर जाऊन बसायचंय, कठड्याबाहेर पाय सोडून."

तिथे मी तोंड उघडायचे. कठडा किती उंच? पोरगं पडलं तर? रात्री उठून बाहेर गेलं तर? भिंगरी म्हणायची, "शंका काढ, आई, काढत राहा." कॉलेजात मी दोन वर्षं तर्कशास्त्र शिकले, त्याचा आयुष्यात उपयोग झाला तो एवढाच. मी शंका काढायची आणि तिने उत्तर आराखड्यात बसवायचं. खोली दुपारी सोडायची आणि यॉटवर संध्याकाळी घेणार, मग मधल्या वेळात म्हाताऱ्या माणसाने कुठे बसायचं? बसली लगेच त्या हॉटेलातली बागेकडची खोली. बॅगा गाडीने पुढे गेल्या आणि औषधं त्यातच राहिली तर? औषधांची पिशवी हातात, ठळक अक्षरांत. लाटा उसळल्या तर? यॉट रोज संध्याकाळी बंदरात परत. दवाखाना? नकाशावर प्रत्येक मुक्कामी लाल टिंब. डेकवर जायचं दार? रात्री जेवणानंतर कुलूप.

मला वाटायचं, माझ्या काळजीचं पहिल्यांदाच सोनं होतंय. इतकी वर्षं मी बोलले की घरातले कानात बोळे घालायचे, आणि आता मुलगी पुढ्यात बसून मागून घेते आहे. मी दिवसा भाजी निवडतानाही शंका शोधू लागले.

यंदाचं सगळ्यात मोठं काम आलं ते बटणवाल्या बाईंचं. त्यांचा शर्टाच्या बटणांचा कारखाना आहे. नवरा गेल्यापासून तो त्याच चालवतात. दोन मुलगे, सुना, नातवंडं, सगळ्यांना घेऊन त्यांना उन्हाळ्यात जायचं होतं. मुलग्यांनी कार्यालयात आधीच सांगून ठेवलं होतं, "आईला दगदग नको." साहेबांनी भिंगरीला केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं, "हे घर हातचं गेलं तर यॉटचं टेबल मी दुसऱ्याला देईन. वाईट वाटून घेऊ नकोस."

तो आराखडा तिने दोन आठवडे घासला. रोज संध्याकाळी मी सत्तरीची बाई. शेवटी शंका काढायला मला जागाच सापडेना. तेव्हा ती म्हणाली, "झालं. आता याच्यात हवासुद्धा शिरणार नाही."

ज्या दिवशी तो बाईंना दाखवायचा होता, त्या दिवशी ती दुपारीच घरी आली. चपला काढल्या नाहीत. खुर्चीवर बसली. आणि बसूनच राहिली. पायसुद्धा हलत नव्हता.

"काय गं, नाही म्हणाल्या?"

"हसल्या."

"मग चांगलंच की."

"आई, त्या म्हणाल्या, ही सुट्टी नाही, बंदोबस्त आहे. रोज संध्याकाळी बंदरात? मग यॉट कशाला, बंदरावरचं हॉटेलच घ्या की. आणि रात्री दाराला कुलूप? मी काय पळून जाणार आहे?" ती आवाज काढून दाखवत होती, पण तोंड रडवेलं होतं. "मग विचारलं, एवढी भीती वाटते तरी कुणाला? मला तर वाटत नाही."

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. माझ्या आईला."

मी मटकन समोर बसले. "साहेबांसमोर?"

"साहेबांसमोर."

आतून तिचे बाबा म्हणाले, "मग नाव तरी झालं आपल्या घराचं."

"अहो, तुम्ही गप्प बसा."

त्यानंतर तिने पसारा टेबलावर आणला नाही. खोलीचं दार लावून घेऊन काम करायची. मीठदाणी आपल्या जागी, चष्म्याचं घर आपल्या जागी, आणि मी मोकळी. दाराबाहेरून तिच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या. मी चहा घेऊन जायचे. ती कप घ्यायची आणि म्हणायची, "आई, काही बोलू नकोस." मी काही बोलायचे नाही. पण न बोललेल्या शंका पोटात राहिल्या की त्या आणखी वाढतात. मला जेवण जाईना. एकदा दारातच तोंडातून गेलं, "निदान कुलपाचं तरी बघ," तर तिने दार इतकं हळू लावलं, की आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग कार्यालयातून निरोप आला. बाईंनी अजून दुसऱ्या कंपनीकडे मोर्चा वळवला नव्हता. पण त्यांचं म्हणणं होतं, "त्या आईंना घेऊन या. आधी त्यांना भेटते, मग ठरवते."

"थट्टा करतात," मी म्हणाले.

"साहेबांना नाही वाटत थट्टा. चल तू." आणि जिना उतरताना तिने माझा दंड धरून बजावलं, "हो म्हणायचं. छान म्हणायचं. शंका एकही काढायची नाही. शपथ?"

"शपथ."

साहेबांची केबिन काचेची. कोपऱ्यात लाकडी यॉटचं मॉडेल, त्याच्या शिडावर धूळ. बटणवाल्या बाई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, पायात पळायचे बूट. मी बसते न बसते तोच म्हणाल्या, "तुमचं तिसरं बटण सैल झालंय. आज पडेल."

मी हात छातीशी नेला. खरंच सैल होतं.

"तर मला बंदरात बांधून ठेवणाऱ्या त्या तुम्हीच."

"मी नुसतं विचारलं होतं."

"पोहता येतं तुम्हाला?"

"नाही."

"मलाही नाही. तरी मला जायचंय. माझ्या मुलांना वाटतं मी काचेची आहे. कारखान्यात यंत्राचा पट्टा तुटला तर अजून मला हाक मारतात, आणि घरी आले की म्हणतात, आई, जिना हळू उतर." त्यांनी आराखडा माझ्यापुढे सरकवला. "सांगा, यात काय चुकलं?"

भिंगरी माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. साहेब पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. मी म्हणाले, "छान आहे."

"छान आहे हे मला साहेबही सांगतात."

केबिनमध्ये गार हवा सुटली होती आणि मला घाम फुटला होता. एका बाजूला शपथ, दुसऱ्या बाजूला त्या बाईंच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं. ती मला ओळखीची वाटली. तशी वर्तुळं आरशात दिसतात मला. आणि जिभेवर ताबा राहिला नाही.

"रात्री जाग आली की तुम्ही कुठे जाता?"

भिंगरीने मान खाली घातली. साहेबांचं टोपण हातातून टेबलाखाली गेलं.

बाई मात्र हसल्या नाहीत. "मला झोप येत नाही हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? या वयात कुणाला येते?"

"गच्चीवर जाते," त्या म्हणाल्या. "हे गेल्यापासून. सुनेला चाहूल लागू नये म्हणून चपला हातात घेऊन जाते. नाही तर सकाळी डॉक्टर हजर. तिथे नुसती बसते. बरं वाटतं."

"मग बोटीवर कुठे जाल? वरच्या दाराला रात्री कुलूप आहे. मीच घालायला लावलंय, नातवंडांसाठी."

"तेच तर मी त्या दिवशी सांगत होते."

इतका वेळ खुर्चीच्या कडेवर टेकलेली भिंगरी उठली. तिला फेऱ्या मारायच्या होत्या, पण ती काचेची खोली केवढी! दोन पावलं इकडे, दोन तिकडे, मध्येच साहेबांची खुर्ची. "मुलांच्या खोल्या पुढच्या बाजूला घेते," ती म्हणाली. "त्यांचा जिना वेगळा आहे. कुलूप फक्त त्या जिन्याला. तुमची खोली मागे, डेकला लागून. दार तुमचं, कधीही उघडा." दोन पावलं. "आणि एक रात्र बंदर नको. थांबायचंच नाही. रात्रभर यॉट चालू ठेवायची. किनारा दिसणार नाही. सकाळी पलीकडच्या बेटावर."

"आणि मी रात्रभर बाहेर बसले तर?"

"बसा. आत जा असं तुम्हाला कुणी म्हणणार नाही."

बाईंनी डोळे मिटले. वाटलं, त्या डेकवरच जाऊन बसल्या आहेत. झालं असतं, सगळं तिथेच झालं असतं. पण माझं तोंड पुन्हा चाललं.

"एकट्या?"

"आई!"

"खलाशी असतात ना," साहेब घाईघाईने म्हणाले.

"खलाशी बोट बघणार. बाईंकडे कोण बघणार? सगळे झोपलेले, अंधार, पाय घसरला तर?"

बाईंनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, मग भिंगरीकडे. "तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "ही येईल माझ्याबरोबर. साहेब, हिला पाठवणार असाल तर कागद आणा, सही करते. नाही तर राहू द्या."

रस्त्यावर आल्यावर भिंगरी माझ्याभोवती एक गिरकी मारून पुढे धावली, परत आली. येणारीजाणारी माणसं बघत होती. "आई, तुला सांगितलं होतं शंका काढू नकोस! शपथ घेतली होतीस! आणि मी यॉटवर जाणार!"

मी रस्त्याच्या कडेला उभी होते. स्वतःच्या तोंडाने मी मुलीला समुद्रात पाठवलं होतं, तेही रात्री, तेही किनारा दिसत नाही अशा ठिकाणी. जिला मी कधी तलावाच्या पायऱ्यांवर बसू दिलं नाही.

पुढचे आठवडे कसे गेले ते मलाच ठाऊक. तिचं सामान मी भरायचे आणि ती उपसायची. उलटीच्या गोळ्या मी तीन ठिकाणी ठेवल्या, त्या तिने तिन्ही ठिकाणांहून काढून एका डबीत घातल्या. समुद्रावरच्या वाऱ्याचा अंदाज मी दिवसातून इतक्यांदा बघायचे की तिचे बाबा म्हणाले, "अगं, तुझ्या बघण्यानेच वारा सुटेल." दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. "लिफ्टमध्ये माणूस अडकला की मी बाहेरून एकच सांगतो. दाराला हात लावू नका, मी आहे. तुझं उलटं आहे. तू आतही नाहीस, बाहेरही नाहीस, आणि दार ओढते आहेस."

"मग मी करू काय?"

"ते लिफ्टमध्ये अडकलेलेही हेच विचारतात."

निघायच्या दिवशी भिंगरी माझ्या पाया पडली. तिचा एक पाय दाराबाहेर होता, तसाच ठेवून.

शहरांमधून तिचे फोन यायचे, छोटे, धापा टाकत केलेले. पहिल्या हॉटेलात बाईंनी सगळ्या उशा बदलून घेतल्या. संग्रहालय त्यांच्यासाठी लवकर उघडलं, पण धाकट्या नातवाचा एक बूट गाडीतच राहिला, म्हणून तो सगळा वेळ तिच्या कडेवर बसून चित्रं बघत होता. दुसऱ्या शहरात थोरल्या मुलाने तिला बाजूला घेऊन विचारलं, "तो रात्रभराचा प्रवास रद्द करता येईल का? आईला कळणार नाही." ती म्हणाली, "कळेल." बस्, एवढंच. मुलगा घरातला, पैसे तो देणार, साहेबांना एक फोन केला असता तर टेबल गेलंच होतं. मी म्हणाले, "बरोबर बोललीस." तिला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे, लाइन तुटली.

मग यॉट. पहिल्या दिवशी तिला सपाटून उलट्या झाल्या. नकाशावरचा जिना हलत नव्हता, हा हलतो, असं ती म्हणाली. बाईंनीच तिला लिंबू चोखायला दिलं. आणि मग ती रात्र आली. संध्याकाळी फोन. "आई, आता रेंज जाईल. सकाळी बोलते."

"जागी कोण राहणार?"

"मी. ठेवते."

त्या रात्रीविषयी मी काही लिहीत नाही. सकाळी फोन वाजला तेव्हा माझा हात त्यावरच होता.

"आई, बाई झोपल्या."

"म्हणजे?"

"म्हणजे झोपल्या! बाहेर येऊन खुर्चीत बसल्या, म्हणाल्या, वा, आणि थोड्या वेळात घोरायला लागल्या. सकाळपर्यंत. मी अंगावर शाल टाकली. उठल्या तर माझ्यावरच ओरडल्या, मला उठवलं का नाहीस, एवढी रात्र वाया गेली. आणि मग साहेबांना फोन लावला. माझ्यासमोर. म्हणाल्या, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा, आणि हीच मुलगी. साहेब म्हणाले, टेबल तिचंच आहे."

"थोरला मुलगा?"

"तो अजून बोलत नाही माझ्याशी. बोलेल."

"आणि तू? रात्रभर काय करत होतीस?"

मागे इंजिनाचा आवाज येत होता.

"काही नाही. बसले. चारी बाजूंना नुसता काळोख, दिवा कुठेच नाही. आई, मला मुळीच भीती वाटली नाही. आणि त्याचीच जरा भीती वाटली."

कुणीतरी तिला हाक मारली, नाश्त्याचं काहीतरी होतं, आणि तिने फोन ठेवला.

तिचे बाबा दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण. "काय म्हणाली?"

"बाई झोपल्या म्हणे. आणि टेबल हिचं झालं."

"मग झालं की गं सगळं," ते आरशातून म्हणाले.

"झालं कुठलं? अजून परतीचा प्रवास आहे."